बड्याचे मटण मंद आचेवर

(डोळखांब येथे नवदीक्षित कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलाने भाषणास उभे राहावयाचे म्हणजे त्याने सातबाऱ्यावर, कुळकायद्यावर किंवा जातीच्या दाखल्यावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी त्या अपेक्षेस थोडी बगल देणार आहे. बड्याचे मटण घरच्या घरी मंद आचेवर कसे शिजवावे, पीठ न लावता त्याचा रस्सा दाट कसा करावा आणि ज्या घरात मधुमेहाचा रोगी आहे त्या घरात ते कशाबरोबर वाढावे, हा माझा आजचा विषय आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे की, दीक्षा घेतलेल्या कुटुंबांतून मला पुनःपुन्हा तीन प्रश्न विचारले जातात. बौद्ध झाल्यावर हे मांस खाणे उचित आहे काय? ते घरात ठेवणे गुन्हा आहे काय? आणि डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यावर ताटातून काय काढावे व काय ठेवावे? हे तिन्ही प्रश्न एकाच पातेल्यात येऊन मिळतात. म्हणून त्यांची उत्तरे एकत्रच दिली पाहिजेत.

मुर्दाड आणि मांस

पहिल्या प्रश्नापासून आरंभ करू. आपल्या वाडवडिलांच्या चुलीवर जे मांस चढले ते बहुधा विकत आणलेले नव्हते. गावात जनावर मेले की ते ओढून नेणे हे महारकीचे काम समजले जाई, आणि त्या मेलेल्या जनावराचे मांस हाच त्या कामाचा मोबदला गणला जाई. त्या मांसाच्या पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवीत. त्यांस चान्या म्हणत. हातास काम नसेल अशा दिवसांत त्यांवर घरे जगली. ह्या अन्नाची तपशीलवार नोंद श्री. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या ग्रंथात मराठवाड्यापुरती करून ठेविली आहे. ती नोंद वाचताना लाजण्याचे कारण नाही. लाज वाटावयाची तर ज्यांनी माणसावर ही पाळी आणली त्यांना वाटावी.

19 व 20 मार्च 1927 रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मुर्दाड मांस सोडून देण्याचा उपदेश केला. तो उपदेश आपण नीट समजून घेतला पाहिजे. मेलेल्या जनावराचे मांस हे एक तर रोगाचे घर होते; आणि दुसरे असे की, ते खाणे म्हणजे गावाने लादलेल्या दास्याची पावती स्वीकारणे होते. त्या मांसाबरोबर 'तुमची जागा ही' असा हुकूम येत असे. तो हुकूम नाकारावयाचा म्हणून ते मांस नाकारावयाचे होते. मुर्दाड सोडणे आणि मांसाहार सोडणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यास अर्धा इतिहास हातातून निसटतो.

पुढे कायद्यानेही ह्या जुन्या बंधनाची गाठ सोडविली. मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन अधिनियम 1958 साली झाला आणि महार वतन त्या कायद्याने गेले. 2016 च्या जानेवारीपासून अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अशी तरतूद आहे की, अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीस मेलेले जनावर वाहून नेण्यास किंवा त्याची विल्हेवाट लावण्यास लावणे हा शिक्षापात्र अपराध होय. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला असल्याने, धर्मांतर केलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबास ह्या संरक्षणातून कोणी वगळू शकत नाही. तेव्हा आपल्या वस्तीतील मनुष्यास कोणी 'मेलेले गुरू ओढावयास ये' असे फर्मावील तर त्यास नम्रपणे नकार द्यावा आणि तो मानला गेला नाही तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी.

आता धम्माविषयी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मांस न खाण्याची प्रतिज्ञा नाही. भिक्षूंविषयी पाली ग्रंथांत असा नियम सांगितला आहे की, आपल्यासाठी मुद्दाम प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये. एरवी भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे. सर्व भिक्षूंवर शाकाहार सक्तीने लादावा अशी मागणी देवदत्ताने केली असता बुद्धांनी ती मान्य केली नाही, असे विनयपिटकात नमूद आहे. बाबासाहेबांनीही आपल्या अखेरच्या ग्रंथात मारण्याची हौस आणि मारण्याची गरज ह्यांत भेद करून अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे प्रतिपादन केले आहे. म्हणून ज्या कुटुंबाने करुणेच्या विचाराने मांस सोडले असेल त्याचा आदर करावा. ज्याने सोडलेले नाही त्यास कमी प्रतीचा बौद्ध म्हणू नये. सोडावयाचे असेल तर विचाराने सोडा. शेजाऱ्याच्या नाक मुरडण्याने सोडू नका.

काय विकत घ्यावे, काय घेऊ नये

दुसरा प्रश्न कायद्याचा. बाजारात 'बीफ' ह्या एका शब्दाखाली गाय, बैल आणि म्हैस ही सर्व एकत्र बांधली जातात. कायदा तसे करीत नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, 1976 ह्याने गाईच्या कत्तलीस बंदी केली. 1995 साली संमत झालेल्या दुरुस्तीस 2015 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि मार्च 2015 पासून बैल व वळू ह्यांच्या कत्तलीसही आपल्या राज्यात बंदी आली. कत्तलीच्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तशा कत्तलीचे मांस जवळ बाळगण्यास एक वर्षापर्यंत कैद व दोन हजारांपर्यंत दंड आहे. म्हसवर्गीय जनावर ह्या बंदीत येत नाही. मात्र म्हशी व पारडे ह्यांच्या कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि शेतीच्या, दुधाच्या वा पैदाशीच्या उपयोगी जनावरास तो दाखला मिळत नाही.

6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ह्या दुरुस्तीतील दोन कलमे रद्द ठरविली. परराज्यात कायदेशीर कत्तल झालेल्या गाय-बैलाचे मांस येथे बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम गेले. आणि आपले निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे असे म्हणणारे कलमही गेले. मांस बेकायदा कत्तलीचे आहे हे ठाऊक असून ते बाळगले, असे सरकार पक्षास सिद्ध करावे लागेल, असेही न्यायालयाने म्हटले. आपल्या घराच्या चार भिंतींत काय खावे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग होय, हे ह्या निकालाचे सार आहे. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे एकमताने ठरविले. असे असले तरी उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपिले झालेली आहेत. म्हणून माझा सल्ला साधा व सावध आहे: महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्या कुटुंबाने म्हशीचे वा रेड्याचेच मांस घ्यावे.

ते कसे घ्यावे हेही सांगतो. अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना वा नोंदणी ज्या दुकानात लावलेली आहे तेथूनच घ्यावे. घेतेवेळी 'म्हशीचे' असा स्पष्ट उल्लेख असलेली पावती मागावी आणि मांस संपेपर्यंत ती जपून ठेवावी. दुकानदार पावती देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे. गावात कोणी रात्री अपरात्री आणून स्वस्तात देतो म्हणून घेऊ नये. त्या मांसाची तपासणी झालेली नसते आणि त्याचे मूळ आपणांस ठाऊक नसते. कायदा आणि आरोग्य दोहोंच्या दृष्टीने ते मुर्दाडाच्याच जवळ जाणारे आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईस येणाऱ्या गाडीत इगतपुरीच्या परिसरात एका वृद्ध प्रवाशास, त्याच्या डब्यात गोमांस आहे अशा संशयावरून, मारहाण झाली. हा प्रकार आपल्या कसारा-आसनगावच्याच लोहमार्गावरचा आहे, म्हणून भीती वाटणे स्वाभाविक आहे. भीती वाटली तरी हक्क विसरू नये. कोणा टोळीस तुमची पिशवी किंवा तुमचे घर तपासण्याचा अधिकार नाही. ज्या अधिकाऱ्यास कायद्याने अधिकार दिला आहे त्याने झडती घेतली तर अडथळा करू नये. पंचनामा मागावा, नमुना तुमच्या समक्ष सीलबंद करावयास सांगावे आणि पावती दाखवावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आवश्यक आहे. त्याचीही आठवण द्यावी.

ताटातील भात

तिसरा प्रश्न आरोग्याचा. डोळखांब आणि त्याच्या भोवतालचा सारा मुलूख भाताचा. आवणीपासून झोडणीपर्यंत जो मनुष्य चिखलात आणि खळ्यावर राबत होता त्याच्या अंगी दोन वेळचा डोंगराएवढा भात जिरत असे. आज त्याचा मुलगा आसनगावहून लोकल धरून कल्याणास नोकरीस जातो आणि दिवसभर खुर्चीवर बसतो. भात तेवढाच राहिला. श्रम मात्र गेले. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात. एका वेळेस 300 ग्रॅम भात घेतला तर 80 ग्रॅमहून अधिक कर्बोदके पोटात जातात, आणि पचनानंतर त्यांची साखरच होते. 60 ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या एका भाकरीत सुमारे 48 ग्रॅम होतात. मांसात कर्बोदके जवळजवळ नाहीतच. कच्च्या, चरबी काढलेल्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय रक्तास लागणारे लोह आणि ब-12 जीवनसत्त्व असते.

ह्यावरून घाईचे अनुमान मात्र काढू नये. मांस कितीही खाल्ले तरी चालेल असा ह्याचा अर्थ नाही. शिजलेले तांबडे मांस आठवड्यास 350 ते 500 ग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये, असा सल्ला जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्था देते. म्हणून हा पदार्थ आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुसरे, जो रोगी इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो त्याने भात एकाएकी बंद केल्यास रक्तातील साखर धोक्याइतकी खाली उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्ल साचण्याचा वेगळाच धोका आहे. ज्याचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे त्यास प्रथिने बेताची लागतात. अशा सर्वांनी आधी डॉक्टरांस विचारावे आणि मगच ताट बदलावे. मी वकील आहे; औषधाची मात्रा ठरविणे माझे काम नव्हे.

कृती

सहा माणसांच्या कुटुंबास पुरेल असे प्रमाण सांगतो. हाडासकट सव्वा किलो मांस घ्यावे. कोणता भाग घ्यावा ह्याविषयी आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे की, मऊ आणि महागडा भाग तोच चांगला. मंद आचेसाठी उलट आहे. पायाची नळी, खांदा, मान आणि छाती हे जनावराचे राबलेले भाग होत. त्यांत शिरा व चिवट पडदे पुष्कळ असतात. हे भाग भर आचेवर घाईने उकळले तर चामड्यासारखे होतात. परंतु मंद आचेवर काही तास राहिले तर तोच चिवटपणा विरघळून रश्शात उतरतो व रश्शास चिकटसर दाटपणा आणतो. पिठावाचून रस्सा दाट होण्याचे मुख्य रहस्य हेच आहे. आणि हे भाग स्वस्तही मिळतात.

इतर जिन्नस असे: कांदे मध्यम 3, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम, लसूण 40 ग्रॅम, आले 30 ग्रॅम, सुके खोबरे 60 ग्रॅम, तीळ 2 मोठे चमचे, धणे 2 मोठे चमचे, जिरे 1 चमचा, मिरे 10, लवंगा 6, दालचिनीचा बोटभर तुकडा, मसाला वेलची 1, तमालपत्रे 2, दगडफूल चिमूटभर, हळद 1 चमचा, घरचे तिखट 2 ते 3 चमचे, मीठ 2 लहान चमचे, तेल 3 मोठे चमचे, आमसुले 4. बटाटा घालू नये. तांदळाचे पीठ, बेसन, कणीक ह्यांपैकी काहीही लावू नये. गूळही नको.

मांस आणताना ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, शक्य तर बर्फावर ठेवून आणावे. शहापूर, कल्याण किंवा भिवंडीहून डोळखांबास येईतो वेळ जातो. उन्हाळ्यात एक तासाहून अधिक काळ ते उघड्या हवेत राहू देऊ नये. घरी आल्यावर एकदा धुऊन निथळावे आणि पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करावे. लहान तुकडे मंद आचेवर कोरडे पडतात. कच्च्या मांसाचा विळा, पाट व हात साबणाने धुतल्यावाचून भाजीस लावू नयेत. तुकड्यांस निम्मे आले-लसूण वाटून लावावे, हळद व मीठ चोळावे आणि अर्धा-पाऊण तास ठेवावे.

तोपर्यंत वाटण करावे. खोबरे तव्यावर तांबूस भाजावे, मग तीळ, मग धणे-जिरे व खडा मसाला निरनिराळे भाजावे. एक कांदा उभा चिरून थोड्या तेलात काळपट होईपर्यंत भाजावा. हे सर्व पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोडे पाणी घालून गंधासारखे वाटावे. वाटण जितके मुलायम तितका रस्सा एकजीव होतो.

आता जाड बुडाच्या पातेल्यात उरलेले तेल तापवून मांसाचे तुकडे थोडे थोडे टाकून चहूबाजूंनी तपकिरी होईपर्यंत परतावे. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटते आणि मांस परतले जात नाही, उकडते. ही पायरी आळसाने गाळू नये. मंद आचेच्या भांड्यात उष्णता पाण्याच्या उकळीच्या आतबाहेर राहते, त्यामुळे तेथे मांसास तो भाजका रंग व वास कधीच येत नाही. तो आधीच आणावा लागतो. तुकडे काढून त्याच पातेल्यात उरलेले दोन बारीक चिरलेले कांदे व उरलेले आले-लसूण परतावे, तिखट घालावे, अर्धी वाटी पाणी घालून बुडास लागलेले खरपूस सारे खरवडून घ्यावे. त्यातच रश्शाची चव असते.

येथून पुढे तीन मार्ग आहेत. ज्याच्या घरी जे साधन असेल ते त्याने वापरावे.

पहिला मार्ग विजेच्या स्लो कुकरचा. मांस, परतलेला मसाला, हाडे, तमालपत्रे आणि फक्त दीड वाटी गरम पाणी घालावे, कारण ह्या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही. मंद खुणेवर सुमारे 8 तास, जलद खुणेवर 4 ते 5 तास. मध्ये मध्ये झाकण उघडू नये. दर वेळी उष्णता निघून जाते. सुमारे 200 वॅटचा कुकर 8 तास चालला तर साधारण दीड-पावणेदोन युनिट वीज लागते. बर्फात गोठलेले मांस तसेच त्यात टाकू नये. ते फार वेळ कोमट राहून नासते. आपल्याकडे वीज जाते, हेही लक्षात असावे. वीज गेली तर लागलीच पातेले चुलीवर वा गॅसवर चढवून शिजविणे पुरे करावे. घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती ते कळत नसेल तर ते अन्न फेकून द्यावे. त्या वेळी पैशाकडे पाहू नये.

दुसरा मार्ग चुलीचा, म्हणजे आपल्या आजीचाच स्लो कुकर. मातीचे मडके किंवा जाड हंडी घ्यावी. कल्हई उडालेले पितळेचे भांडे घेऊ नये. आमसुलाच्या आंबटाने ते अन्नास विषारी करते. ऐनाच्या किंवा धावड्याच्या वाळक्या लाकडाचे निखारे झाल्यावर ज्वाळा मागे ओढावी, तीन वाट्या गरम पाणी घालावे, झाकणावर पाणी ठेवावे आणि साडेतीन तासांपर्यंत शिजू द्यावे. रस्सा खदखदता कामा नये. अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. आटल्यास झाकणावरचे गरम पाणी घालावे, थंड पाणी घालू नये.

तिसरा मार्ग प्रेशर कुकरचा, ज्यास वेळ नाही त्याच्यासाठी. दोन वाट्या पाणी घालून पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर 35 ते 40 मिनिटे. वाफ आपोआप जाऊ द्यावी. मांस मऊ होईल. रश्शास मंद आचेची गोडी येणार नाही, परंतु कामावरून आलेल्या माणसाने उपाशी झोपण्यापेक्षा ते बरे.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी शेवट एकच आहे. मांस बोटाने दाबताच सुटू लागले म्हणजे वाटण घालावे. चुलीवर वा स्लो कुकरमध्ये ते शेवटच्या तासात घालावे. प्रेशर कुकर असेल तर झाकण उघडल्यावर घालावे. आमसुले शेवटच्या अर्ध्या तासात टाकावी. नंतर झाकण काढून पंधरा-वीस मिनिटे रस्सा आटवावा. तरीही पातळ वाटला तर शिजलेला कांदा पळीने कडेस चेचून मिसळावा. पिठाच्या डब्याकडे हात नेऊ नये. वर चरबीचा जाड थर आला असेल तर तो पळीने काढून टाकावा.

ह्या हिशेबाने एका माणसाच्या वाट्यास सुमारे 10 ग्रॅम कर्बोदके, तीही कांदा-लसूण-खोबऱ्याची, आणि सुमारे 33 ग्रॅम प्रथिने येतात. साखर असलेल्या मनुष्यास रस्सा भाताच्या ढिगावर न ओतता वाटीत द्यावा, आणि ताटात भाताच्या जागी भाजी भरावी. पावसाळ्यात आपल्या रानात टाकळा, कुर्डू, कंटोळी येतात. एरवी माठ आहे, शेवग्याचा पाला आहे. डॉक्टरांनी जेवढा भात वा जेवढी भाकरी ठरवून दिली असेल तेवढी शेवटी घ्यावी. मुलांना, बाळंतिणीस आणि शेतात राबणाऱ्यांना मात्र भाकरी नेहमीप्रमाणे वाढावी. एका रोग्याचे पथ्य साऱ्या घरावर लादू नये.

उरलेला रस्सा रात्रभर चुलीवर तसाच ठेवण्याची सवय सोडावी. पसरट भांड्यांत ओतून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणूनच वाढावा. शीतकपाट नसेल तर एका वेळेपुरतेच शिजवावे.

दोन शब्द घरातील माणसांशी

हे काम एकट्या गृहिणीचे नाही. मांस आणावयास पुरुष जातो आणि मग ओसरीवर बसून राहतो, ही रीत समतेची भाषा बोलणाऱ्या घरास शोभत नाही. निखारे सांभाळणे, वाटण वाटणे, भांडी घासणे ह्यांत त्याचा वाटा असावा. पौषी पौर्णिमेस म्हशाच्या यात्रेत जनावराची पारख करणाऱ्या आपल्या माणसांना शिजत्या मटणाची पारख जमू नये, असे काही नाही.

ज्या घरात एखादी सून किंवा आजी मांस खात नसेल तेथे तिच्यासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि त्यावरून टोमणे मारू नयेत. आपल्या ताटावर दुसऱ्याची सत्ता नको असे म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या ताटावर आपली सत्ता चालवू नये.

आणि मुलांना खोटे बोलावयास शिकवू नका. शाळेत कोणी डब्यात काय आहे असे विचारले तर 'बटाट्याची भाजी' असे सांगण्याचा धडा अनेक घरांत आजही दिला जातो. मुलास संकटात टाका असे मी म्हणत नाही. शाळेच्या डब्यात काय द्यावे हे प्रत्येक घराने परिस्थिती पाहून ठरवावे. परंतु घरी त्यास खरे सांगा. हे मांस आपल्या पैशाचे आहे, परवान्याच्या दुकानातले आहे, त्याची पावती डब्यात आहे, ते कोणाचे उष्टे वा मुर्दाड नाही, आणि ते खावे की न खावे हे मोठा झाल्यावर त्याचे त्याने ठरवावयाचे आहे, एवढे त्यास कळले पाहिजे. ज्याला हे बालपणी कळेल त्याला पुढे आपल्या हक्काचा कागद वाचून दाखवण्यासाठी वकिलाची वाट पाहावी लागणार नाही.

जय भीम.